देवधानाची हरकत

“तलावाचा काठ कुठून धरायचा, मावशी?”

“कोनत्या मयन्याचा?”

मला वाटलं, बाई माझी थट्टा करते आहे. मे महिन्यातले साडेअकरा वाजलेले, डोक्याला ओला रुमाल, एका हातात नकाशाची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात चुन्याच्या फक्कीची पिशवी. अशा अवस्थेत माणसाला थट्टा सोसत नाही.

“काठाला महिना असतो होय?” मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं. “पाणी संपतं आणि जमीन सुरू होते, तो काठ. मला त्याच्यावर फक्की मारायची आहे.”

फुलवंताबाई वलथरे चिखलातून कमळाचे कांदे उकरत होत्या. साठीच्या, काटक, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. त्यांच्या ढिवर मोहल्ल्यातल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या, बायका उन्हाळाभर हेच करायच्या. त्यांनी पाटीच्या कडेला हात पुसले आणि शाळेतल्या बाईंसारखं एकेका जागेकडे बोट दाखवायला सुरुवात केली.

“पोळ्याच्या टायमाले पानी त्या मोहाच्या बुडाशी येते. दिवाळीले इथं, तुमी उभ्या आहा तिथं. संक्रांतीले त्या खुटापाशी. आन् आता जेठात, तो डोंगा बांधला हाय, तिथं. सांगा आता, कोनत्या काठावर चुना मारता?”

मोहाच्या झाडापासून डोंग्यापर्यंत, म्हणजे त्या लाकडी होडीपर्यंत, मी पावलं मोजली. तीनशे चाळीस भरली. एवढा रुंद काठ मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्याकडच्या छापील तक्त्यात मात्र काठासाठी एकच रकाना होता, ‘मोजणीच्या दिवशीची पाण्याची रेषा’. मी डोंग्यापाशी फक्की मारली. त्या एका पांढऱ्या रेघेनं तीनशे चाळीस पावलं तलाव माझ्या नकाशात जमीन झाला.

पुढचा रकाना होता जमिनीच्या वापराचा.

“इथे तुम्ही काय पेरता?”

“काईच नाई पेरत.”

मी लिहिलं, ‘पडीक’.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नागपूरहून नगररचनेची पदवी घेऊन, वर्षावर्षाच्या करारावर धामणबांध नगरपंचायतीत सहायक म्हणून लागले होते. गावाला तलावाचंच नाव. शे-दोनशे वर्षांपूर्वी कुणी मालगुजारानं मातीची पाळ घालून तो बांधला, आणि गाव त्याच्या आडोशाला वाढलं. आता त्याचा विकास करायचा होता. आराखड्याचं नाव मीच टाइप केलं होतं, ‘धामणबांध तलावकाठ शाश्वत विकास आराखडा’. शाश्वत हा शब्द मुखपृष्ठावर होता. आत दक्षिणेकडच्या काठाला दगडी भिंत होती, भिंतीमागे मुरमाचा भराव, भरावावर फिरायचा रस्ता, कारंजं आणि गाड्या लावायची जागा. आणि हे सगळं का करता येत होतं? तर ती जमीन पडीक होती म्हणून.

माझं घोडं कुठे पेंड खातंय ते मला ऑगस्टात कळलं. भिंतीची खूण तपासायला म्हणून गेले, तर माझी फक्कीची रेघ, खूण, खुंट सगळं पाण्याखाली. आणि पाण्यावर नजर जाईल तिथपर्यंत हिरवीगार पात. भाताचीच, पण भातासारखी रांगेत नव्हे. कशीही, कुठेही, जिथे पाणी उथळ तिथे.

फुलवंताबाईंनी मला डोंग्यात बसवून त्या हिरवाईतून फिरवलं.

“हे काय आहे?”

“देवधान.”

“तुम्ही तर म्हणालात, काही पेरत नाही!”

“पेरत नाईच. आपोआप येते. पाखरं खाते, मासोळी याच्या बुडात अंडी घालते. मरळ, शिंगूर, सारी इथंच. कार्तिकात आमी बाया लोंब्या एका जागी बांधून ठेवतो. पिकल्या का डोंग्यात बसून टोपलीत झटकतो. कापाचं नाई, नांगराचं नाई. उपासाले चालते, बारंतिनीले चालते, पोर आजारी पडलं तं याचीच पेज.”

“मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं, पेरता काय. नाई पेरत, तं नाई सांगतलं.”

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. डोंगा डुलत होता म्हणून मारला नाही. एवढ्या मोठ्या भाताच्या शेतात बसून मी विचारलं, “हे असतं कोणाचं? कुणाचा किती वाटा, कसं ठरतं?”

फुलवंताबाईंनी बांबू पाण्यात तसाच रोवून धरला. “कोनाचं म्हंजे? देवाचं. म्हनून तं देवधान म्हनते. ज्याले जेवढं लागते तेवढं झटकाचं. पन माझं नाई म्हनाचं. आमच्यात कोनी म्हनत नाई. माझं म्हटलं का बरकत गेली.”

मला ती प्रथा फार सुंदर वाटली. वहीत टिपूनही घेतली. ती पुढे कुठे आडवी येणार आहे, याची मला सुतराम कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी डोर्लीकर साहेबांसमोर उभी राहिले. आराखड्याच्या समितीचे ते प्रमुख. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, कामाचा उरक दांडगा, सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजणारा.

“साहेब, माझी चूक झाली. दक्षिणेकडची जमीन पडीक नाही. ती जमीनच नाही, तलाव आहे. तिथे भिंत घातली तर धान जाईल, मासे जातील आणि तुमचा भरावही दर पावसाळ्यात खचेल.”

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “सोनकुसरे, आराखडा प्रसिद्ध झाला का?”

“झाला.”

“मग आता ती तुमची चूक राहिली नाही. आता ती शासनाची चूक आहे. आणि शासनाची चूक सहायकाला खोडता येत नाही.”

“मग कोणाला येते?”

“जनतेला,” ते म्हणाले, आणि खरंच त्यांनी मला वाट दाखवली. “हरकतींची मुदत आहे ना? त्या जागेवर कुणाचा हक्क किंवा वापर आहे, असं सुनावणीत हरकतदाराच्या तोंडून नोंदलं गेलं, की ती पट्टी मी वगळतो. मला काय, भिंत दोनशे मीटर कमी. पण हरकतदार तुम्ही नाही व्हायचं. तुम्ही नोंदवही लिहायची.”

हरकतदार शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाला कारंज्याजवळ बोटिंगचा ठेका मिळणार, अशी कुजबुज होती. तो मला पाहिलं की सायकल वळवायचा. उरल्या फुलवंताबाई. त्या एका शब्दावर तयार झाल्या. गावातल्या एका गुरुजींकडून त्यांनी अर्ज लिहून घेतला. ‘भिंतीस आमची हरकत आहे’, एवढं एकच वाक्य, आणि खाली सही. अर्ज मी लिहून देऊ शकत नव्हते. पण तोंडी पढवायला कुणाची बंदी होती?

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या अंगणात जाऊन बसले.

“साहेब विचारतील, तिथे तुमचं काय आहे? तुम्ही म्हणायचं, आमचं धान आहे. बस्स.”

“पन आमचं नाई ना ते.”

“मला माहीत आहे. एका दिवसापुरतं म्हणा.”

“एका दिवसापुरतं कसं म्हनाव, मॅडम? म्हटलं तं म्हटलं.”

“मावशी, हे फक्त कागदासाठी. कागदाला ‘देवाचं’ कळत नाही. कागदाला ‘माझं’ कळतं, नाहीतर ‘सरकारचं’.”

“तं कागदाले सांगा ना समजावून.”

“मी दोन महिने तेच करते आहे!” माझा आवाज चढला. शेजारच्या ओट्यावरची बाई वळून बघायला लागली. मी आवाज खाली आणला. “हे बघा, तुम्ही ‘आमचं’ म्हणालात, तर धान राहील. नाही म्हणालात, तर पुढच्या वर्षी तिथे मुरूम असेल. देवालासुद्धा हेच आवडेल ना, की धान राहावं?”

त्या बराच वेळ जाळ्याचा एक दोरा बोटाला गुंडाळत बसल्या.

“पाहू,” त्या म्हणाल्या.

पाहू म्हणजे नाही, हे सरकारी कचेरीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. मी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि खुशाल घरी जाऊन झोपले.

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात होती, सकाळी अकराला. फुलवंताबाई धुवट लुगडं नेसून आल्या होत्या. सोबत मोहल्ल्यातल्या सात बाया. समोर डोर्लीकर साहेब, त्यांच्या उजव्या हाताला नगरपंचायतीचे अभियंता, डावीकडे मी आणि माझी नोंदवही.

“बोला बाई, काय हरकत आहे?”

“भिंत नका बांधू साहेब. देवधान मरते.”

“अच्छा, धान आहे तिथे. कोणाचं?”

फुलवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अगदी थोडी, पण हलवली.

“आमचं तिथं काई नाई साहेब,” त्या म्हणाल्या. “ते देवाचं हाय. आमी फक्त झटकून आनतो.”

“देवाचं? देवस्थानची जमीन आहे का ही?”

अभियंत्यांनी कागद चाळले. “नाही साहेब. सातबारा शासनाच्या नावे.”

“देऊळ आहे तिथे?”

“देऊळ नाई. पाळीवर एक गोटा हाय, शेंदूर लावलेला.”

“गोट्याच्या नावावर आहे जमीन?”

“गोट्याच्या नावावर कशी राईन साहेब?” फुलवंताबाईंना साहेबांचीच कीव आली. मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साहेबही हसले.

“बरं, पेरता कोण? तुम्ही?”

“नाई.”

“कापता?”

“नाई. झटकतो.”

“झटकता,” साहेब म्हणाले. त्यांनी अभियंत्यांकडे पाहिलं, अभियंत्यांनी घड्याळाकडे. बाहेर आणखी अकरा हरकतदार बसले होते. तरीही साहेबांनी चष्मा काढला, टेबलावर पुढे झुकले आणि म्हणाले, “बाई, मी तुमच्या बाजूनंच विचारतो आहे. नीट ऐका. त्या जागेवर तुमचं काही आहे का? हो म्हणा की नाही म्हणा. हो म्हटलंत तर मी पुढचं बघतो.”

याहून जास्त कोणता अधिकारी करतो? दार सताड उघडून माणूस ‘या’ म्हणत होता. माझ्यानं राहवेना.

“मावशी, सांगा ना!”

“सोनकुसरे, तुम्ही लिहा.”

फुलवंताबाई ताठ उभ्या राहिल्या. “नाई साहेब,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाले बोलू? आमचं काई नाई.”

असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. भिंत आखणाऱ्याचा नाही, अध्यक्षाचा नाही, साहेबांचा तर नाहीच. तिचा आला. दोन महिने मी उन्हापावसात झिजले, कचेरीत सगळ्यांच्या डोळ्यांवर आले, माझा करार ऑक्टोबरात संपत होता तो पणाला लावला. आणि हिला एक शब्द बोलवेना! तोही कुणाचं वाईट करणारा नाही. स्वतःच्याच धानासाठी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

“लिहा,” साहेब म्हणाले, “त्या जागेवर आपले काही नाही, असे हरकतदाराने स्वतः सांगितले. सबब हरकत निकाली.”

“आणि साहेब, ते देवाचं आहे, त्या झटकून आणतात, ते?”

“त्यानं काय सिद्ध होतं?” साहेबांनी चष्मा चढवला. “सही घ्या त्यांची. मी एक फोन करून येतो.” ते उठले. अभियंता त्यांच्यामागून गेले.

मी पेन उचललं. बाया अजून उभ्याच होत्या. मी फुलवंताबाईंकडे न बघता नोंदवही त्यांच्याकडे फिरवली. “इथे सही करा.”

“काय लिवलं, ते वाचून दाखवा ना मॅडम.”

मी वही परत माझ्याकडे ओढली आणि वाचलं, “त्या जागेवर आमचे स्वतःचे काही नाही. तिथले धान देवाचे आहे. आम्ही ते पेरत नाही, कापत नाही, फक्त लागेल तेवढे झटकून आणतो.”

फुलवंताबाई डोळे मिटून ऐकत होत्या. “बराबर हाय,” त्या मागे वळून बायांना म्हणाल्या. “जसं बोलली तसंच लिवलं.” प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या. ‘फु’ काढायलाच त्यांना बराच वेळ लागला. मी बोट ठेवलं होतं तिथेच त्यांनी सही केली.

नोंदवहीत पहिलं वाक्य तेवढं होतं. पुढची दोन मी मनानंच जोडून वाचली.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. मी बदलीच्या जागा पाहिल्या, कायम झाले, मोठमोठ्या तलावांचे आराखडे केले, भाषणंही दिली. कुणाला हे सांगितलं नाही. खाली निम्मं पान कोरं होतं. ती दोन वाक्यं लिहायला मिनिटसुद्धा लागलं नसतं, आणि साहेब परत आल्यावर फार तर रागावले असते. पट्टी कदाचित तरीही वाचली नसती. नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मी रागानं लिहिलं नाही. म्हटलं, एवढंच खरं बोलायचं आहे ना? भोगा मग. आणि पुढच्याच क्षणी ती वाचून दाखवा म्हणाली, तेव्हा तिच्या तोंडावर ते एवढंच वाक्य वाचायची माझी हिंमत झाली नाही.

माझा करार वाढवून मिळाला.

पौषात पाणी उतरलं आणि दक्षिणेकडे मशीन आलं. महिनाभर मुरमाचे ट्रक पाळीवरून धडधडत जायचे आणि कचेरीच्या काचा वाजायच्या. मी त्या बाजूला फिरकले नाही. पाहणीची वेळ आली की अंग मोडून आलं असं सांगायचे.

माघात एक दिवस दुपारी फुलवंताबाई कचेरीत आल्या. मी खोलीत एकटीच होते. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. कमरेला खोचलेलं एक गाठोडं त्यांनी सोडवून टेबलावर ठेवलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, दोन-तीन ओंजळी असेल.

“देवधान हाय. कार्तिकात झटकलं ते. आता पुढच्या साली नाई होनार, तुमाले थोडं आनलं.”

“मला कशाला मावशी? घरी ठेवा. नातवंडं आहेत.”

“घरी कोन बोलते माह्याशी?” त्या म्हणाल्या. “सारा मोहल्ला म्हनते, फुलवंतानं एक शब्द बोलला असता तं वाचलं असतं. सुना म्हनते, पोरं म्हनते. त्या दिवशी माह्यासंगं आलेल्या बायाबी आता म्हनते.”

मीही तेच म्हटलं होतं, फक्त मनात.

“मी त्याईले म्हनतो, धान गेलं तं गेलं बापा. पन सरकारच्या वहीत लिवून हाय. मी मरून जाईन, तुमी मरून जासान, भिंत पडून जाईन. कोनी ना कोनी ते पान उघडंन, तं त्याले समजंन का इथं देवाचं धान होतं आन् बायाईनं त्याले आपलं नाई म्हटलं.” त्यांनी गाठोडं माझ्याकडे सरकवलं. “दुसरा कोनी असता तं त्यानं आपल्या मनाचं लिवलं असतं. तुमी खरं लिवलं. हाय ना ते वहीत अजून?”

नोंदवही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची.

“आहे,” मी म्हटलं, आणि गाठोडं घ्यायला दोन्ही हात पुढे केले.